टॅक्स चुकवायला गाडी सुटी करून विकणारा कॉलिन चॅपमन, आणि घरी बांधलेल्या गाडीच्या ब्रेकचं गणित

तुमच्या पल्सरच्या नाहीतर अपाचेच्या उजव्या हँडलकडे एकदा नीट बघा. ब्रेकच्या लिव्हरला चिकटून एक छोटी डबी दिसेल. तिच्यात ब्रेक ऑइल असतं. त्या डबीच्या खाली बोटभर जाडीची एक नळी आहे. लिव्हर दाबली की त्या नळीतला पिस्टन पुढं सरकतो, ऑइल पाइपातून खाली ढकललं जातं आणि चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात. या नळीला म्हणतात मास्टर सिलिंडर. चारचाकीत हाच प्रकार ब्रेकच्या पेडलच्या पुढं बॉनेटखाली बसवलेला असतो.

आता हा सिलिंडर आतून किती रुंद असावा, हा प्रश्न आपल्याला आयुष्यात कधी पडत नाही. कंपनीतल्या कुठल्यातरी इंजिनिअरनं ते ठरवून दिलेलं असतं, आपण फक्त ब्रेक दाबतो.

पण इंग्लंडात घरच्या गॅरेजमध्ये स्वतःची गाडी स्वतः बांधणारी एक जमातच आहे. त्यांना हा प्रश्न पडतो आणि चांगलाच छळतो. ही जमात वाढवण्यात ज्यांचा मोठा हात होता, त्यात पहिल्या रांगेतलं नाव म्हणजे कॉलिन चॅपमन. लोटस कंपनीचा मालक. १९७७ च्या सिनेमात जेम्स बाँडची पांढरी गाडी समुद्रात शिरते आणि पाणबुडी होते, आठवतंय? ती लोटसच होती.

या माणसानं फॉर्म्युला वनमध्ये ७ वेळा टीमचं जगज्जेतेपद मिळवलं, सामान्य पगारदार माणसाला स्पोर्ट्स कार मिळवून दिली, आणि त्याच्याच गाडीच्या ब्रेकचा एक दांडा तुटल्यावर त्याचा सगळ्यात वेगवान ड्रायव्हर गेला. विषय तिथपर्यंत जायचाय, पण सुरुवात एका भंगार ऑस्टिनपासून करावी लागेल.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडमधला. वाढला मात्र उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागात, जिथं त्याच्या वडिलांचा रेल्वे हॉटेल नावाचा पब होता. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये त्यानं स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. म्हणजे पूल आणि इमारतींचं शास्त्र, गाड्यांचं नव्हे. कुठल्या दांड्यावर किती भार येतो आणि तो दांडा किती बारीक करता येईल, हे तो तिथं शिकला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यातून निघतं.

कॉलेजात असताना पोरगा जुन्या गाड्या विकायचा धंदा करायचा. धंदा बरा चालला होता. तेवढ्यात १९४७ साली सरकारनं लोकांचा पेट्रोलचा साधा कोटाच बंद केला. युद्ध संपलं तरी रेशनिंग संपलं नव्हतं. पेट्रोल नाही म्हटल्यावर गाडी घेणार कोण? चॅपमननं उरलेला माल मिळेल त्या भावाला फुंकून टाकला. फक्त एक जुनी ऑस्टिन सेव्हन काही केल्या खपेना.

खपत नाही तर हिचं काहीतरी करू, म्हणून त्यानं तिची बॉडी काढून टाकली आणि प्लायवूड आणि ॲल्युमिनियमची नवी बॉडी बसवली. चिखलातल्या, चढावरच्या शर्यतींसाठी गाडी तयार झाली. हे काम चाललं त्याची मैत्रीण हेझल विल्यम्स हिच्या घरामागच्या छोट्या गॅरेजमध्ये. १९४८ साली ही गाडी उतरली आणि तिला त्यानं नाव दिलं लोटस, म्हणजे आपलं कमळ. हे नाव का, हे त्यानं कधी नीट सांगितलं नाही.

गंमत म्हणजे ऑस्टिन सेव्हनला मास्टर सिलिंडर नव्हताच. तिचे ब्रेक सायकलसारखे, केबलनं ओढायचे. ऑइलचा ब्रेक तोवर आलेला होता. विमानवाल्या लॉकहीड कंपनीच्या दोन भावांपैकी माल्कम याने १९१० च्या दशकातच त्याचं पेटंट घेतलं होतं, पण स्वस्त गाड्यांपर्यंत तो पोहोचायला वेळ लागला.

१९५२ च्या सुरुवातीला कंपनी रीतसर उभी राहिली. भांडवल म्हणून हेझलनं दिलेले २५ पाउंड. जागा म्हणजे वडिलांच्या पबमागचा तबेला. चॅपमन दिवसा ॲल्युमिनियमच्या कंपनीत नोकरी करायचा आणि रात्री गाड्या. १९५४ मध्ये दोघांनी लग्न केलं.

आता टॅक्सची गोष्ट. त्या काळी ब्रिटनमध्ये नवी गाडी घेतली की तिच्यावर जबर पर्चेस टॅक्स लागायचा. पण गाडीचे सुटे भाग घेतले आणि घरी जोडले, तर तो टॅक्स नाही. चॅपमननं ही फट बरोबर हेरली. लोटस सिक्स ही त्याची पहिली गाडी जी त्यानं किट म्हणून विकली. बारीक नळ्या जोडून केलेला सांगाडा द्यायचा, इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल गिऱ्हाईकानं फोर्डच्या जुन्या गाडीतून काढून आणायचे.

१९५७ मध्ये आली लोटस सेव्हन आणि तिनं इतिहास केला. दार नाही, छप्पर नावाला, दोन माणसं कशीबशी मावतील एवढी जागा. वजन जेमतेम ५०० किलोच्या आसपास. आपली जुनी मारुती ८०० साधारण ६५० किलोची होती, म्हणजे अंदाज येईल. सरकारी नियम असा सांगतात की किटबरोबर गाडी जोडायच्या सूचना द्यायच्या नाहीत. मग लोटसनं गाडी खोलायच्या सूचना दिल्या, गिऱ्हाईकानं त्या शेवटाकडून वाचायच्या, हा किस्सा इंग्लंडात आजही चघळला जातो. खरा असो नसो, चॅपमनच्या स्वभावाला शोभणारा आहे.

तर आता त्या गॅरेजमध्ये जाऊ. बाकीची गाडी जोडायला पाना आणि चिकाटी पुरते. ब्रेकला नाही पुरत.

कारण बघा. किट कारवाला ब्रेक आणतो कुठून? जुन्या गाडीतून. पुढं फोर्ड एस्कॉर्टची गाडी या कामासाठी फार चालली. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यानं सेव्हनसारखी गाडी २५० पाउंडांत घरी कशी बांधायची यावर पुस्तक लिहिलं, त्यातही एस्कॉर्टचेच भाग वापरलेत. आता एस्कॉर्ट ही सेव्हनपेक्षा कितीतरी जड गाडी. तिला ब्रेकचा बूस्टर असतो, म्हणजे इंजिनच्या ओढीवर चालणारा तो गोल काळा डबा, जो तुमच्या पायाचा जोर वाढवून सिलिंडरला देतो. सेव्हनच्या पुढच्या भागात तो डबा ठेवायला धड जागा नसते. हलक्या गाडीला बूस्टर कशाला, असं म्हणून लोक तो काढून टाकतात आणि मास्टर सिलिंडर मात्र एस्कॉर्टचाच ठेवतात.

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर येते. पाय मारला तर पेडल दगडासारखं. जीव काढून दाबलं तरी गाडी थांबायला बघत नाही. माणूस ब्रेक पॅड बदलतो, चार वेळा एअर काढतो, तरी फरक शून्य.

फरक पडणार कसा? चूक सिलिंडरच्या मापात आहे.

आपल्याकडचे मेस्त्री इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. त्याच भाषेत बोलू. ब्रिटिश मास्टर सिलिंडर बाजारात ५ सूत, ६ सूत, ७ सूत अशा आतल्या व्यासात मिळतात. मधली मापंही आहेत, पण हिशोबाला हे पुरे.

समजा तुम्ही पेडलवर ३० किलोचा जोर दिला. पेडल म्हणजे एक तरफ असते, ती हा जोर साधारण पाचपट करते. म्हणजे पिस्टनवर १५० किलो. आता हा जोर जेवढ्या क्षेत्रफळावर पसरेल, तेवढा दाब कमी. फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलनं १७ व्या शतकात मांडलेला नियम आहे, शाळेत सगळ्यांनी घोकलाय. ७ सूत सिलिंडरचं तोंड असतं ३.९ चौरस सेंटीमीटरच्या आसपास, म्हणून दाब येतो प्रत्येक चौरस सेंटीमीटरला ३९ किलोच्या घरात. ५ सूत सिलिंडरचं तोंड २ चौरस सेंटीमीटरच्या आतबाहेर, तिथं दाब जातो ७५ च्या पुढं. पाय तोच, पेडल तेच, दाब जवळजवळ दुप्पट. इंचाच्या पाव भागाचा फरक आहे फक्त.

बहुतेक जण इथं उलटं समजतात. सिलिंडर मोठा घेतला की ब्रेक जोरात लागेल, असं वाटतं. इंजिन मोठं, टायर मोठा, तसा सिलिंडरही मोठा. पण मोठा सिलिंडर म्हणजे कडक पेडल आणि कमी दाब.

मग सगळ्यात छोटा घालून मोकळं व्हावं का? तेही जमत नाही. कॅलिपरमधले पिस्टन बाहेर ढकलायला ठरावीक ऑइल लागतं. समजा ५ घन सेंटीमीटर लागलं. ७ सुताचा पिस्टन १.३ सेंटीमीटर सरकला की तेवढं ऑइल जातं, पाचपटीच्या हिशोबानं पेडल साडेसहा सेंटीमीटर खाली येतं. ५ सुताच्या पिस्टनला अडीच सेंटीमीटर जावं लागतं, म्हणजे पेडल साडेबारा सेंटीमीटर. सेव्हनच्या त्या अरुंद बोगद्यात पाय एवढा खाली नेईपर्यंत पेडल फरशीला टेकायची वेळ येते. त्यात पाइपात थोडी हवा राहिली किंवा रबरी होज फुगला, तर पेडल टेकतंच, आणि गाडी चालूच राहते. जोर हवा तर अंतर द्या, अंतर वाचवायचं तर जोर लावा. फुकट काही मिळत नाही.

अजून एक पेच आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात धोक्याचा. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढं झुकतो, मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी मागचे ब्रेक पुढच्यांच्या आधी जाम झाले, तर गाडी गर्रकन फिरते. पुढची चाकं आधी जाम झाली तर गाडी सरळ घसरते, तेही वाईट, पण निदान तोंड पुढं राहतं. एस्कॉर्टमध्ये पुढचा मागचा हिशोब एस्कॉर्टच्या वजनाप्रमाणं केलेला. सेव्हनमध्ये इंजिन मागं सरकवलेलं, गाडी जमिनीला चिकटलेली, चालक जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेला. सगळा हिशोबच बदललेला असतो.

म्हणून रेसवाले एकाऐवजी दोन मास्टर सिलिंडर शेजारी शेजारी लावतात, एक पुढच्या चाकांना, एक मागच्या. मध्ये एक आडवा दांडा असतो, पायाचा जोर तो दोघांत वाटून देतो. जोर वाटला गेल्यामुळं एकट्या सिलिंडरपेक्षा लहान मापं घ्यावी लागतात, हे पुष्कळ जण विसरतात. पुढं ५ सूत आणि मागं ६ सूत लावला आणि जोर निम्मा निम्मा वाटला, तर मागचा दाब पुढच्याच्या ७० टक्क्यांच्या आसपास राहतो. दांड्याचा स्क्रू फिरवून हे थोडं इकडंतिकडं करता येतं, पण थोडंच. मूळ मापं चुकली तर स्क्रू ती चूक पोटात घालत नाही. आधी कागदावर गाडीचं वजन, पुढच्या मागच्या चाकांवरचा भार, कॅलिपरच्या पिस्टनची मापं, डिस्कचा व्यास हे सगळं मांडायचं आणि मगच दुकानात जायचं. मोकळ्या जागेत, कमी वेगात, आधी पुढची चाकं जाम होतात का हे बघितल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणू नये.

चॅपमनला हा हिशोब तोंडपाठ होता. त्याचा प्रॉब्लेम वेगळा होता. तो हिशोब अगदी काठापर्यंत न्यायचा.

त्याचा सगळा धर्म एकच, वजन कमी. ताकद वाढवली की सरळ रस्त्यावर गाडी पळते, वजन कमी केलं की वळणावर, चढावर, ब्रेक लावताना, सगळीकडे पळते. म्हणून प्रत्येक भाग जेवढ्यास तेवढा. १९६२ च्या लोटस २५ मध्ये त्यानं नळ्यांचा सांगाडाच काढून टाकला आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं टबासारखं शरीर केलं. त्या गाडीत जिम क्लार्क १९६३ चा विश्वविजेता झाला. १९६५ मध्ये पुन्हा, आणि त्याच वर्षी अमेरिकेत जाऊन इंडियानापोलिस ५०० सुद्धा जिंकली, तीही मागं इंजिन असलेल्या गाडीनं. तोवर तिथं असं कुणी केलं नव्हतं. लोटस जिंकली की चॅपमन डोक्यावरची काळी टोपी हवेत भिरकवायचा. फोटोग्राफर त्याचीच वाट बघत असायचे.

पण दुसरी बाजूही होती. १९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं मागचं चाक निखळलं, त्याचे दोन्ही पाय मोडले. त्याच दिवशी माइक टेलरच्या लोटसचं स्टिअरिंग तुटलं. टेलरचं रेसिंग तिथंच संपलं, त्यानं लोटसला कोर्टात खेचलं आणि भरपाई मिळवली. १९६८ मध्ये जर्मनीत हॉकेनहाइमला लोटस चालवतानाच क्लार्क गेला. चॅपमन त्यातून पूर्ण सावरला नाही, असं त्याच्या जवळचे सांगत.

क्लार्कनंतर १९६९ मध्ये टीममध्ये आला योखेन रिंट. ऑस्ट्रियाकडून खेळणारा, प्रचंड वेगवान, आणि तोंडाला फडकं न बांधणारा. त्याच वर्षी बार्सिलोनाच्या शर्यतीत त्याच्या आणि ग्रॅहम हिलच्या दोन्ही लोटसचे उंच विंग मोडले. रिंट जखमी झाला. त्यानंतर त्यानं चॅपमनला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की गाड्या इतक्या वेगवान आहेत की थोडं वजन वाढवून कमकुवत भाग मजबूत केले तरी आपण जिंकूच. भरवसा वाटत नाही अशी गाडी चालवणं अवघड जातं, हेही त्यानं कळवलं.

१९७० मध्ये लोटस ७२ आली. चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांनी बनवलेली, पाचरीच्या आकाराची. तिच्यात पुढचे ब्रेक चाकांत नव्हते. चाक जेवढं हलकं तेवढं ते रस्त्याला चिकटून चालतं, म्हणून डिस्क आणि कॅलिपर गाडीच्या पोटात घेतले आणि तिथून चाकापर्यंत एक दांडा दिला. कल्पना झकास. पण आता ब्रेकचा सगळा जोर त्या दांड्यातून जाणार, आणि वजन वाचवायला तो दांडा आतून पोकळ केलेला.

ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाच्या शर्यतीत टीमचा दुसरा ड्रायव्हर जॉन माइल्स याच्या गाडीचा पुढचा दांडा तुटला. तो नशिबानं वाचला.

तीन आठवड्यांनी मोंझा. ५ सप्टेंबर १९७०, शनिवार, सराव चालू. रिंटनं त्या मोसमात ५ शर्यती जिंकल्या होत्या, विजेतेपद हाताशी होतं. जास्त वेगासाठी गाडीचे विंग काढून टाकलेले. पॅराबोलिका वळणाआधी त्यानं ब्रेक मारला. पुढचा उजवा दांडा तुटला. उजव्या चाकाला ब्रेक नाही, डाव्याला आहे, मग गाडी जाणार कुठं? ती डावीकडे खेचली गेली आणि कठड्यात घुसली. कठडा नीट बसवलेला नव्हता. मांड्यांमधून येणारा पट्टा रिंट लावत नसे, त्यामुळं तो सीटवरून खाली सरकला. २८ व्या वर्षी संपला.

इटलीत चौकशी झाली, खटला चालला. अपघाताची सुरुवात दांडा तुटण्यानं झाली, पण जीव गेला तो कठड्यामुळं, असा निष्कर्ष निघाला. चॅपमन सुटला. ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत लोटसचाच नवा पोरगा इमर्सन फिटिपाल्डी जिंकला, रिंटचे गुण कुणालाच गाठता येईनात, आणि रिंट मरणानंतर विश्वविजेता ठरला. असा तो आजवरचा एकटाच.

चॅपमन थांबला नाही. तीच ७२ घेऊन फिटिपाल्डी १९७२ ला विजेता झाला. पुढं गाडीखालच्या हवेनं गाडी रस्त्याला चिकटवायची युक्ती लोटसनं काढली आणि १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती जिंकला. त्याच मोसमात मोंझालाच सुरुवातीच्या धडकेनंतर लोटसचा रॉनी पीटरसन गेला.

शेवट मात्र वाईट झाला. जॉन डिलोरियन नावाच्या अमेरिकन माणसाची स्टीलच्या बॉडीची गाडी लोटसनं रस्त्यासाठी तयार करून दिली. हो, बॅक टू द फ्युचर सिनेमातली तीच. कारखाना उत्तर आयर्लंडमध्ये, पैसा बराचसा ब्रिटिश सरकारचा. त्यातले कोट्यवधी डॉलर पनामात नोंदवलेल्या एका कंपनीमार्फत गायब झाले. चौकशी जवळ येत असतानाच १६ डिसेंबर १९८२ ला हार्ट अटॅकनं चॅपमन गेला. वय ५४. पुढं १९९२ मध्ये त्याचा हिशोब सांभाळणारा फ्रेड बुशेल तुरुंगात गेला, आणि चॅपमन जिवंत असता तर त्याला किमान १० वर्षं मिळाली असती, असं न्यायाधीशांनी नमूद केलं. तो मेलाच नाही, ब्राझीलला पळाला, अशा वावड्याही बरीच वर्षं उठत राहिल्या.

सेव्हनचं काय झालं? १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट आला, किटची ती टॅक्सची सवलत गेली. चॅपमनलाही आता मोठ्या, महाग गाड्या विकायच्या होत्या. त्यानं सेव्हनचे हक्क केटरहॅम नावाच्या आपल्याच डीलरला विकून टाकले. केटरहॅमनं ती गाडी चालू ठेवली, आणि किटमध्ये विकणंही. तिच्या ब्रेकचं माप कंपनी ठरवून देते. ज्यांना तेवढे पैसे घालायचे नसतात, ते पुस्तक उघडतात, नळ्या कापतात, जुनी एस्कॉर्ट शोधतात आणि चार-सहा महिन्यांनी ५ सूत घेऊ की ६ सूत, या प्रश्नावर येऊन थांबतात.